पाचवा शब्द

६ मार्च २०२५, गुरुवार

काल राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणून सकाळी मी गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळल्या. वस्तीवरच्या सव्वीस घरांतून त्या गोळा करायला तीन दिवस लागले. झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या लोक तसबिरीमागे खोचून ठेवतात, वर्षभरात त्या वाळून कडक होतात. चर्चमागे घमेल्यात जाळायच्या, राख गार होऊ द्यायची, चाळून फादरांकडे द्यायची. एकवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. गीताकडे पिठाची चाळणी मागितली तर तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा हातात दिला. म्हणाली, "चाळनी न्हाई मिळायची. म्हैनाभर भाकरीत राख खायाची का?"

संध्याकाळी फादरांनी सगळ्यांच्या कपाळाला राख लावली आणि शेवटी दोन गोष्टी सांगितल्या. एक, उपवासकाळात ज्याला जमेल त्यानं वहीत दोन ओळी लिहाव्यात : वाचलेल्या शब्दानं आज आपल्या घरात काय केलं, एवढंच. म्हणून ही वही. दुसरी, दर बुधवारी एकेका घरी प्रार्थना होते, तिथं येत्या रविवारचं शुभवर्तमान वाचून झाल्यावर यंदा एकट्यानंच मनन सांगायचं नाही. ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलावं. बायकांनीसुद्धा.

तो 'एकटा' म्हणजे मी. फादर नवे आहेत, गेल्या जूनमध्ये आले. मला काही वाटलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर नाव घालायची शाळेतली सवय आहे, म्हणून लिहितो. भाऊसाहेब तोरणे, वय एकोणपन्नास, शिक्षण दहावी, मिशन शाळा. देवळाली प्रवरा रस्त्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधतो. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिलं वाचन माझं. त्यासाठी रोज संध्याकाळी गीता भाकरी थापत असताना मी चुलीपाशी बसून त्या दिवसाचं वाचन मोठ्यानं वाचतो. ती दुसरीतच शाळा सोडून शेळ्यांमागे गेली, तिला वाचता येत नाही. मधूनमधून 'हं' म्हणते. ऐकते की नाही कुणास ठाऊक.

१३ मार्च, गुरुवार

काल मच्छिंद्रच्या घरी प्रार्थना झाली. मच्छिंद्र साळवे टेम्पो चालवतो, माझा वर्गमित्र. पेत्र आणि आणखी दोन शिष्यांसमोर प्रभूचं रूप डोंगरावर पालटलं तो उतारा होता. मी पंचवीस मिनिटं मनन सांगितलं. मोशे कोण, एलिया कोण, ते दोघंच का दिसले, सगळं. तयारी चांगली होती.

मग फादरांनी विचारलं, "अजून कुणाला काही वाटलं?" सगळे चटईकडे बघत बसले. आणि गीता बोलली. लग्नाला सत्तावीस वर्षं होतील, चार माणसांत ती कधी बोललेली मला आठवत नाही.

"मला त्या पेत्राचं हसू आलं," म्हणाली. "डोंगरावर तीन मांडव घालतो म्हनला. म्हंजे कोपीच की. आपल्याकडं ऊसतोडीवाले घालत्यात तशी. हंगाम सरून कारखान्याचा पट्टा पडला की मोडायची. मला बी मिस्सेत लई गोड वाटतं, तिथंच बसावंसं वाटतं. पन देव काय तिथं मुक्कामाला ऱ्हात न्हाई. आपन घरी येईस्तोवर तो आपल्या आधी येऊन खरकट्या भांड्यांपाशी बसलेला अस्तो."

एवढंच. अर्धं मिनिटही झालं नसेल. लोक हसले. छबूबाईंनी डोळ्याला पदर लावला. छबूबाई सत्तरीच्या, तोंडाच्या फटकळ, त्या रडताना मी फक्त मयतीत बघितल्या आहेत. मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, ही येवढी वर्सं कुठं दडवून ठिवली हुती रं?"

मच्छिंद्र चहा देताना म्हणाला, "वहिनींनी तुमचा टेम्पो ओव्हरटेक केला बरं का."

मी हसलो. मोशेबद्दल कुणी काही बोललं नाही.

१७ मार्च, सोमवार

आज बोअरवर दोन बायका गीताला कोपीचं पुन्हा सांगायला लावत होत्या. मी सायकल जरा लांबूनच काढली.

२० मार्च, गुरुवार

कालचा उतारा माझ्या हक्काचा होता. अंजिराचं झाड तीन वर्षं फळ देत नाही, मालक म्हणतो तोडा, माळी म्हणतो एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. वस्तीवर अंजिराची छाटणी हातानं करणारा माणूस मी एकटा. मी सांगितलं की अंजिराला बुंध्यापासून किती लांब आळं करायचं, शेणखत किती घमेली, पाणी कधी तोडायचं, आणि त्यातून आध्यात्मिक अर्थ असा की पश्चात्तापालाही हंगाम असतो. कल्याण पाटोळे जांभई देत होता, पण तो दूध घालायला पहाटे उठतो.

मग सगळ्यांच्या माना गीताकडे वळल्या. फादरांनी विचारायचीसुद्धा वाट बघितली नाही कुणी.

ती म्हणाली, "माझी निकिता सात वर्सांनी झाली. तुमाला ठाऊकच हाय. सासूबाई दर साली म्हनायच्या, हिला माहेरी धाडा. आन् एक जन दर साली म्हनायचा, यंदाचं वर्स राहू द्या. सात टायमाला म्हनला तो. ह्या गोष्टीतला माळी मी बघितलाय. त्याला ठाऊक न्हवतं फळ येईल का न्हाई ते. तरी बी खनत ऱ्हायला."

छबूबाई तर रडतच होत्या, पण मच्छिंद्रसुद्धा खिडकीकडे बघायला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चटईच्या काड्या मोजत बसलो.

घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची काही गरज नव्हती. आई जाऊन अकरा वर्षं झाली. आणि मुळात उतारा पश्चात्तापाचा आहे. घरी येताना गीतानं विचारलं, "चुकलं का माजं काई?" मी म्हणालो, "नाही. खताचं प्रमाण मात्र लोकांच्या लक्षात राहायला हवं होतं."

२१ मार्च, शुक्रवार

आजचं पहिलं वाचन योसेफाचं. भावांनी त्याला विहिरीत टाकलं, मग वीस नाण्यांना विकलं. दुपारी रोपवाटिकेत डबा खाताना वाचलं. भावांनी केलं ते वाईटच. पण योसेफालाही थोडं भान हवं होतं. स्वप्नं पडली तर पडली, सगळ्यांना सांगत कशाला फिरायचं? बापानं रंगीत झगा दिला तर तो घालून रानात जायची काय गरज? हे मनन कुठं सांगण्यासारखं नाही, इथंच लिहून ठेवतो.

आज लिंबाच्या खुंटावर कलमाचे तीन डोळे उलटे भरले. मालक ज्ञानेश्वरभाऊंच्या लक्षात आलं. म्हणाले, "भाऊसाहेब, तब्येत बरी आहे ना? तुमच्या हातून असं कधी होत नाही."

२३ मार्च, रविवार

मिस्सेनंतर फादरांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दुपारी क्रुसावरचे सात शब्द सांगतात, म्हणजे प्रभूची शेवटची सात वाक्यं. सात माणसं, एकेकानं एकेका शब्दावर बोलायचं. पाचवा शब्द माझा. "मला तहान लागली आहे," हा. अकरा वर्षं तो मीच सांगतो. लोक गमतीनं मला 'पाचवा' म्हणतात.

फादर म्हणाले, "भाऊसाहेब, यंदा पाचवा शब्द गीताबाईंना देऊया का? तुम्ही उतारा वाचा, त्या बोलतील."

गीता लगेच म्हणाली, "न्हाई न्हाई फादर, तो ह्यांचा शब्द हाय."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "घे की. त्यात काय."

आवाज नीट आला असावा. फादर खूश झाले.

२५ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी मी वाचन मनातल्या मनात वाचलं. भाकरी थापता थापता गीता थांबली. "आज मोठ्यानं न्हाई?" मी म्हणालो, घसा खरखरतोय. खरखरत होता म्हणजे खरखरू शकला असता. रोपवाटिकेत दिवसभर कोकोपीटची धूळ असते.

तिनं हळदीचं दूध करून दिलं. मी प्यालो.

आजही तसंच. ती दोनदा वळून बघत होती. काय वाचतोय ते माझ्या तोंडावर दिसतंय का, असं बघत असावी. मी वाचनाचं पुस्तक तोंडाआड धरलं.

२७ मार्च, गुरुवार

काल छबूबाईंच्या घरी दोन मुलांचा उतारा झाला. धाकटा वाटणी घेऊन जातो, उधळतो, डुकरांमागे राहतो, परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. तिथं मी मोठ्यानं वाचलं. सभेपुरता घसा ठीक होता. मग मी मनन सांगितलं, सावकाश, भरपूर. धाकट्याचं पाप, पश्चात्ताप, बापाची दया. मोठ्या मुलाचं सांगायचं राहिलं, वेळ झाला होता.

गीताकडे माना वळल्या. ती म्हणाली, "मला आज काई सुचलं न्हाई. घरी ऐकलं न्हवतं. मला चार दीस मनात घोळवावं लागतं, मग कुठं उमगतं."

मला वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलंही, चहा येईपर्यंत. छबूबाईंनी कप पुढं केला आणि म्हणाल्या, "आज कालवनात मीठ न्हवतं बाबा." त्यांच्या घरी जेवण नव्हतंच, नुसता चहा होता.

१ एप्रिल, मंगळवार

आज लवकर घरी आलो. आत कुणीतरी बोलत होतं, म्हणून दारातच थांबलो. निकिताचा आवाज. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि आमची पोर पुण्याहून, नर्सिंगच्या होस्टेलवरून, आईला वाचून दाखवत होती. आजचंच वाचन : मंदिरातून पाणी वाहतं, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. अडखळत वाचत होती. विरामचिन्हांकडे लक्ष नाही. आणि गीता म्हणत होती, "हं. हं. ते घोट्याचं परत वाच."

मग निकिता म्हणाली, "मम्मी, पप्पांचा घसा आठ दिवस झाले तरी बसलेलाच आहे, दाखवायला घेऊन जा ना."

गीता म्हणाली, "घशाचं न्हाई ते. अडलंय काईतरी. सुटंल."

कफाबद्दल म्हणत असावी.

मी बाहेर जाऊन शेळीला पाला टाकला, मग खोकून आत आलो.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी निकिताला फोन केला. म्हणालो, परीक्षा जवळ आली आहे, रोज आईला वाचून दाखवत बसू नकोस, तुझं होत नसेल तर आईलाही वाईट वाटतं. ती म्हणाली, "पंधरा मिनिटं तर लागतात पप्पा." मी म्हणालो, पंधरा पंधरा करतच वर्ष जातं. ती बरं म्हणाली. परीक्षा खरंच जवळ आहे, मेमध्ये.

६ एप्रिल, रविवार

मिस्सा सुटल्यावर गीता एकटीच फादरांकडे गेली. मी झाडाखाली उभा होतो. परत आली तेव्हा म्हणाली, "मी सांगितलं त्यास्नी. मला न्हाई जमायचं. ऐकल्याबिगर काय बोलू? निकिताला बी सवड न्हाई म्हन्ती. तुमचा शब्द तुमाला."

भिंतीवरच्या यादीत फादरांनी तिचं नाव खोडून माझं लिहिलं. अक्षर जरा घाईचं होतं.

तर पाचवा शब्द पुन्हा माझ्याकडे आला. देवाची इच्छा. पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

११ एप्रिल, शुक्रवार

सराव कुठं करायचा हा प्रश्न आहे. घरी मोठ्यानं वाचलं तर घसा बरा असल्याचं कळेल. म्हणून आज दुपारच्या सुट्टीत शेडनेटमध्ये गेलो आणि डाळिंबाच्या रोपांपुढं उभा राहून वाचलं. तहान लागली आहे, असं प्रभू म्हणतो. जवळ आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, भरलेलं भांडं असतं. शिपाई आंबेत बोळा बुडवून, काठीला लावून, त्याच्या तोंडाशी धरतात.

तीनदा वाचलं. तिन्ही वेळा कसंतरीच झालं. कुठं थांबायचं तेच कळेना. घरी मला ते कसं कळतं, याचा विचार करत होतो. घरी मी वाचतो, गीता 'हं' म्हणते, आणि जिथं ती 'हं' म्हणायची विसरते तिथं शब्दाला वजन आहे असं मला कळतं. तिथं मी पुढच्या वेळी थांबतो. एकवीस वर्षं लोक म्हणतात, भाऊसाहेब वाचतो तेव्हा समजतं.

हे आजच लक्षात आलं. लक्षात आल्यावर रोपांना पाणी दिलं आणि कामाला लागलो.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

दुःखसहनाची कथा वाचताना निवेदकाचा भाग माझा होता. बाहेर आल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "भाऊसाहेब, आज असं वाचलंत की वाटलं रेडिओवर घोडेगावच्या बाजाराचे भाव सांगताय. प्रभूला धरून नेलं, शेळी एवढ्याला, बोकड तेवढ्याला."

मी चिडलो. पण त्याचं खरं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी गीता शेळीपाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेलो तर स्तोत्र होतं, मेंढपाळाचं, मी कधीतरी पावसाळ्यात वाचलेलं. ओळ चुकत होती, पण माझीच लय होती. मी जिथं श्वास घेतो तिथंच तीही घेत होती.

मी विचारलं, "हे काय?"

"काय न्हाई. नवं मिळंना, म्हनून जुनंच चघळतीय. हिच्यासारखं." शेळीकडे बोट केलं. शेळी रवंथ करत होती.

तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी घरात येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. फादरांनी सांगितलं होतं, शब्दानं आपल्या घरात काय केलं ते लिहा. मी पानोपान लिहिलं आहे, शब्दाला मी घरात काय केलं. छबूबाईंच्या घरी वेळ झाला म्हणून ज्या मोठ्या मुलाचं सांगायचं राहिलं, तो बाहेर अंगणात उभा असतो. आत धाकट्यासाठी वाजंत्री चालू असते, तो चाकराला विचारतो, काय चाललंय, आणि रुसून आत जात नाही. मी त्या दिवशी दाराशी उभा राहून मोबाईल ऐकत होतो. मीही आत गेलो नाही, पाला टाकायला गेलो.

मत्सर. हा शब्द मी किती वेळा व्यासपीठावरून वाचला असेल. लिहायला आज पहिल्यांदा लागला.

१६ एप्रिल, बुधवार

रोपवाटिकेतून अर्धी सुट्टी घेऊन राहुरीला, फादर राहतात तिथं, पापनिवेदनाला गेलो. सगळं सांगितलं. घसा, पुस्तक तोंडाआड धरलं ते, निकिताचा फोन. मी म्हणालो, "फादर, शुक्रवारी मी पाचव्या शब्दाला उभा राहून सगळ्यांसमोर हे कबूल करतो. माझ्याच घरात एकीला तहान लागली होती आणि मी आंब पाजत होतो, असं सांगतो. हीच माझी शिक्षा."

फादर म्हणाले, "सांगितलंत तर काय होईल?"

"लोकांना कळेल."

"लोक रडतील भाऊसाहेब. केवढं मोठं मन म्हणतील. पाचवा शब्द लोक जन्मभर विसरणार नाहीत. आणि गीताबाई खाली बसून ऐकतील. तेव्हाही त्यांना बोलायला मिळणार नाही."

खरं सांगायचं तर येताना बसमध्ये मी ते भाषण मनात पूर्ण जुळवलं होतं. 'आंब पाजत होतो' नंतर किती थांबायचं तेही ठरवलं होतं.

फादर म्हणाले, "ज्यांची चोरी केली त्यांना परत द्या. बाकी गावाला काय करायचंय?"

उठताना मी विचारलं, "तुम्ही माझा शब्द तिला का दिलात?" ते म्हणाले, "मला वाटलं, शब्द एकाच घरात राहतोय." मग हसले आणि म्हणाले, "मीही घाई केली. आधी तुमच्याशी एकट्याशी बोलायला हवं होतं."

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

लिहायला बसलोय. दुपारचे साडेतीन झालेत, सहाला मिस्सा आहे.

गीता आज लवकर भाकरी करत होती. मी चुलीपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "माझा घसा बसला नव्हता."

ती थापत राहिली. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. घसा बसलेला मानूस न्हानीत गानं म्हनत न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हनलं, तुमचं तुमाला कळंल. लई उशीर लावला." आणि थोडं हसली. मला वाटलं, झालं, सुटलो. तिथंच थांबलो असतो तर चाललं असतं. तिनं माफ केलं होतं.

मी म्हणालो, "अजून एक आहे. निकिताला परीक्षा म्हणून तिनं वाचणं बंद केलं नाही. मी फोन करून सांगितलं तिला. तुला वाचून दाखवू नको म्हणून."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिनं ती उलटली नाही. मी हात पुढं केला तर म्हणाली, "राहू द्या." धूर झाला.

मग म्हणाली, "मला वाटलं पोरीला माजा कट्टाळा आला. आई अडानी, कोन रोज वाचून दाखवनार. पंधरा दीस मी ह्येच मनात धरून हाय."

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"साडेतीन आठवडे मला उपाशी ठिवलं तुमी. आन् मी? एक दीस तरी तुमची भाकर चुकवली का? सांगा की. हळदीचं दूध बी दिलं. खोटं हाय ठाऊक असून दिलं."

"नाही चुकवली."

"का केलं असं?"

"ते सगळे तुझ्याकडं बघायचे," मी म्हणालो. एकोणपन्नासाव्या वर्षी हे वाक्य तोंडातून काढणं फार कठीण गेलं. "मी बोलायचो तेव्हा कुणी तसं बघत नाही."

तिनं करपलेली भाकरी काढून शेळीसाठी बाजूला टाकली. नवा गोळा घेतला. "मी तुमचंच सांगत हुते. ती कोपी, तो माळी. ते तुमीच वाचलेलं, तुमच्याच घरातलं. येड्यावानी करता."

आणि मग तिनं निकिताला फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. मला म्हणाली, "बोला." मी निकितालाही सांगितलं. ती एवढंच "ओके पप्पा" म्हणाली आणि फोन ठेवला. ते आता तिच्याकडे राहणार. लगेच पुसलं जाणार नाही.

फोन ठेवल्यावर गीता म्हणाली, "वाचा आता."

मी पाचव्या शब्दाचा उतारा वाचला. तीन ओळींचा तर आहे. ती 'हं' म्हणाली नाही. म्हणाली, "परत." मी परत वाचलं. असं सात वेळा. 'भांडं ठेवलेलं होतं' इथं ती दर वेळी थापायची थांबत होती. अकरा वर्षांत मी त्या भांड्याकडे बघितलंच नव्हतं.

मी म्हणालो, "उद्या तू बोल. फादरांना मी सांगून आलोय."

"बघू," म्हणाली. "मला अजून राग हाय."

१९ एप्रिल, शनिवार

सकाळचे सात. गीता उद्याच्या ईस्टरच्या करंज्यांचं सारण भाजते आहे. तिनं आपणहून अजून माझ्याशी फारसं बोलणं सुरू केलेलं नाही, पण काल सकाळी चहा देताना आजचं वाचन काय आहे म्हणून विचारलं, आणि मी वाचलं.

काल तिनं चर्चमध्ये पाचव्या शब्दावर काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. छबूबाई रडल्या हे लिहितो, आणि त्या रडल्या तेव्हा मला पुन्हा तेच बारीकसं टोचलं, हेही लिहितो. नाही टोचलं म्हणालो तर ही वही खोटी होईल. माझ्यापुरतं एवढंच, की मी काय केलं.

चौथा शब्द संपला, गाणं झालं. फादरांनी आम्हा दोघांची नावं घेतली. चर्च गच्च भरलं होतं, बाहेर मांडवातही लोक होते. गीता बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेली, उठेल की नाही सांगता येत नव्हतं. मी पुढं गेलो. उतारा वाचला, भांड्यापाशी थांबलो. वाचून झालं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, दर वर्षीसारखे, आता पाचवा बोलणार म्हणून. माईक माझ्या तोंडाशी होता. बसमध्ये जुळवलेलं ते सगळं भाषण अजून पाठ होतं.

गीता उठली. छबूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं लोटलं. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. मी माईकच्या दांड्याचा स्क्रू पिळला. तो गंजलेला होता, हलेना. दोन्ही हात लावले. कर्कश आवाज झाला, लहान पोरं हसली. मी माईक तिच्या उंचीला खाली आणला, स्क्रू आवळला, आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन बसलो.